इंजिनाचा स्वभाव ठरवणारा दांडा

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मेळ्यात एक आवाज हमखास कानी पडतो. सत्तरच्या दशकातली एखादी शेव्हरोले कॅमॅरो किंवा नोव्हा जागेवर उभी असते. इंजिन चालू असतं, पण एका लयीत चालत नाही. धडधडतं, दचकतं, आता बंद पडणार असं वाटेपर्यंत खाली जातं आणि पुन्हा सावरतं. लोक वळून बघतात. बॉनेट न उघडताच त्यांना कळलेलं असतं, की या इंजिनात आता कंपनीचा कॅमशाफ्ट नाही, कुणीतरी मोठा कॅम चढवला आहे.

या आवाजासाठी लोक हौसेनं पैसे मोजतात. पण तो आवाज ताकदीचा नाही. इंजिन हळू फिरत असताना जळलेला वायू सिलिंडरातून पुरता बाहेर पडत नाही. तो ताज्या मिश्रणात मिसळतो आणि मिश्रण धड पेटत नाही. एक ठोका भरून बसतो, पुढचा अर्धाच बसतो. आपण ऐकतो ती ही अडखळ. हेच इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर गेलं की ती नाहीशी होते आणि गाडी सुसाट सुटते. प्रश्न इतकाच, की रोजच्या रस्त्यावर ही गाडी पाच हजार फेऱ्यांवर असते तरी किती वेळ?

रस्त्यावरच्या गाडीसाठी कॅम निवडण्याचं सगळं शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरतं. कॅम इंजिनात ताकद ओतत नाही. इंजिनानं ती कोणत्या वेगाला दाखवायची, हे तो ठरवतो. वरच्या वेगाला हवी असेल तर खालची थोडी सोडावी लागते. हा व्यवहार समजून घेतला की निवड सोपी होते. तो न समजता मोठा आकडा पाहून कॅम घेतला, तर चांगली चालणारी गाडी बिघडते.

चार आकडे

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा एक दांडा, त्यावर अंडाकृती उंचवटे. प्रत्येक उंचवटा लिफ्टर नावाच्या दट्ट्यामार्फत आपापला व्हॉल्व्ह ढकलून उघडतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सगळं त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. एकदा घासून तयार झालेला आकार बदलत नाही, म्हणून निवड आधी नीट करावी लागते.

कॅटलॉगमध्ये प्रत्येक कॅमपुढे चार आकडे असतात. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो. ड्युरेशन म्हणजे तो क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो. लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन उंचवट्यांच्या मध्यांमधलं अंतर, तेही अंशांत. आणि ओव्हरलॅप म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ.

यातला ड्युरेशनचा आकडा वाचताना सावध राहावं लागतं. एकाच कॅमला दोन ड्युरेशन असतात. एक जाहिरातीतलं, ते व्हॉल्व्ह जेमतेम हलू लागल्यापासून मोजतात आणि ही सुरुवात कुठली धरायची हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं ठरवते. दुसरं लिफ्टर ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, उचलला गेल्यापासूनचं. दोन कंपन्यांच्या कॅमची तुलना करायची तर हा दुसरा आकडाच पाहायचा. पहिला पाहून केलेली तुलना फसवी ठरू शकते.

ड्युरेशन वाढवलं की ताकद वर का सरकते? पिस्टन खाली जाऊन पुन्हा वर येऊ लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवलेला असतो. दादरला लोकल भरताना डब्यात जागा नाही असं वाटल्यावरही मागचा लोंढा आणखी चार-पाच जणांना आत ढकलतो, तसंच इथं घडतं. वेगानं येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो आणि पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. मात्र रेटा हवा तर वेग हवा. इंजिन हळू फिरत असेल तर आत आलेली हवा त्याच उघड्या दारानं परत बाहेर ढकलली जाते. उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह वरच्या वेगाला सिलिंडर भरतो आणि खालच्या वेगाला रिकामा करतो. बाकी सगळे परिणाम यातूनच निघतात.

कॅलिफोर्नियातले कॅम घासणारे

ही विद्या मोठ्या कारखान्यांच्या आधी छोट्या गॅरेजांत वाढली. १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये एड विनफिल्ड कार्ब्युरेटर आणि रेसिंगचे कॅम बनवायचा. आपली कामाची पद्धत तो फारशी कुणाला दाखवत नसे. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट पात्रांवर पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची आणि त्यांच्यात विनफिल्डच्या कॅमचा मोठा दबदबा होता.

त्याच वातावरणात वाढलेला एड इस्केंडेरियन हा आर्मेनियन स्थलांतरितांचा मुलगा, जन्म १९२१चा. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉट रॉडची, म्हणजे जुन्या गाड्या सुधारून पळवण्याची, लाट अशी उसळली, की चांगल्या कॅमसाठी महिनोन्महिने थांबावं लागायचं. इस्केंडेरियननं एक जुनं ग्राइंडिंग मशीन मिळवलं, त्यात फेरफार केले आणि स्वतःच कॅम घासायला लागला. ‘इस्की’ हे नाव पुढं या धंद्यात दुमदुमलं.

कारखान्याच्या आतून या पोरांचं महत्त्व ओळखलं ते झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्यानं. १९५३ साली तो शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्समध्ये रुजू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यानं वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की ही हॉट रॉडवाली तरुण पोरं आज फोर्डची इंजिनं सुधारतात, शेव्हरोलेला ती आपल्याकडे वळवायची असतील तर कंपनीनं स्वतः वेगाचे सुटे भाग तयार ठेवायला हवेत. १९५५ साली शेव्हरोलेचं नवं छोटं व्ही-८ इंजिन आलं. २६५ घन इंच, म्हणजे ४.३ लिटरचं. त्यासाठी डंटोव्हनं नवा कॅम आखला आणि तो बसवलेली कॉर्व्हेट डेटोना बीचच्या वाळूवर ताशी १५० मैलांच्या पुढं पळवली. ‘डंटोव्ह कॅम’ १९५६च्या कॉर्व्हेटसोबत मागणीनुसार मिळू लागला. १९५७ साली २८३ घन इंचांच्या इंजिनाला इंधन-इंजेक्शन आणि हाच कॅम जोडून कंपनीनं २८३ अश्वशक्ती जाहीर केली: एका घन इंचाला एक.

हा कॅम गाजला, पण तो घेणाऱ्यांना काय घ्यायचंय ते ठाऊक होतं. सॉलिड लिफ्टर, वेळोवेळी टॅपेट सेट करण्याचं काम, खालच्या वेगाला कमी जोर. ती गाडी पळवण्यासाठीच घेतलेली असे.

१९७१ नंतरचं ३५०

शेव्हरोलेच्या या छोट्या व्ही-८ घराण्यातलं सर्वांत जास्त फेरफार झालेलं इंजिन म्हणजे ३५० घन इंचांचं, आपल्या हिशेबात ५.७ लिटर. ते १९६७ साली कॅमॅरोमध्ये आलं. बोअर १०१.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.४. १९७०च्या कॉर्व्हेटमध्ये एलटी-१ या अवतारात ते ३७० अश्वशक्तीचं होतं. १९७१ साली कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सनं आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन खाली आणलं आणि १९७५च्या साध्या कॉर्व्हेटवर आकडा उरला १६५. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली होती, त्यामुळे या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. तरी घसरण खरीच होती. त्या काळातली अशी मंदावलेली इंजिनं हजारोंनी गॅरेजांत उभी राहिली आणि त्यांच्या मालकांनी कॅमचे कॅटलॉग उघडले.

कंपनीच्या साध्या ३५० कॅमचं ड्युरेशन, ०.०५० इंचांवर मोजलं तर, इनटेकला १९५ आणि एक्झॉस्टला २०२ अंशांच्या आसपास. लिफ्ट दहा मिलिमीटरच्या जवळपास. आता कॉम्प कॅम्स या कंपनीची हायड्रॉलिक लिफ्टरसाठीची एक लोकप्रिय मालिका घेऊ, कारण तिच्यात पायऱ्या स्वच्छ दिसतात. २५६ या आकड्याचा (हे इनटेकचं जाहिरातीतलं ड्युरेशन) कॅम ०.०५० वर २१२ आणि २१८ अंशांचा, कामाचा पट्टा १,००० ते ५,२०० फेऱ्या. २६२चा २१८ आणि २२४ अंशांचा, १,३०० ते ५,६००. २६८चा २२४ आणि २३०, १,६०० ते ५,८००. आणि २८४चा २४० आणि २४६, २,३०० ते ६,५००. चौघांचं लोब सेपरेशन ११० अंश. जाहिरातीतल्या ड्युरेशनवरून ओव्हरलॅपचा हिशेब केला तर ते अनुक्रमे ४२, ४६, ५४ आणि ७० अंश भरतं. मेळ्यातली ती धडधड या शेवटच्या आकड्यातून येते.

आता गाडीकडे येऊ. थ्री-स्पीड ऑटोमॅटिक, मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.०८, टायरचा व्यास ६७ सेंटिमीटर. त्या काळातल्या कॅमॅरोसाठी हे अगदी नेहमीचं गणित. टॉप गियरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २,४५० फेऱ्यांवर असतं. साठला साधारण १,४५०. म्हणजे २८४चा कॅम बसवला तर शहरात ही गाडी कॅमच्या पट्ट्याच्या खालीच रखडणार आणि हायवेवर शंभर गाठल्यावर कुठं पट्ट्याच्या उंबरठ्याशी पोहोचणार. ताकदीचा शिखरबिंदू पाच-सहा हजारांवर वाट बघत राहील, आणि तिथं जाण्याची संधी महिन्यातून एखाद-दोनदा. २६२चा कॅम याच गाडीत सिग्नलवरून निघाल्यापासून कामाला लागतो.

दुसरा हिशेब कॉम्प्रेशनचा. २६८च्या कॅममध्ये, ठरल्याप्रमाणे बसवला तर, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचून ६० अंश उलटल्यावर मिटतो. तोवर पिस्टन बराच वर आलेला असतो. ८८.४ मिलिमीटरच्या स्ट्रोकपैकी खरं दाबण्याचं काम उरलेल्या ७१ मिलिमीटरांत होतं. कागदावर ८.५ कॉम्प्रेशन असलेलं इंजिन प्रत्यक्षात सातच्या आसपासच दाबतं. ९.५ असतं तर पावणेआठपर्यंत गेलं असतं. म्हणूनच १९७१ नंतरच्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात मोठा कॅम घातला की पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जातं आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. आधी कॉम्प्रेशन वाढवा, नाहीतर कॅम लहान घ्या. तिसरी वाट नाही.

कॅमबरोबर येणारा परिवार

कॅम विकणाऱ्या चांगल्या कंपनीला फोन लावला, तर पलीकडचा तंत्रज्ञ आधी स्वतः प्रश्न विचारतो. गाडीचं वजन किती? एक्सल कुठला? ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे पकड घेण्याच्या फेऱ्या, किती? कॉम्प्रेशन? हेड कुठले? ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर आहे का? हे न विचारता कॅम विकणाऱ्याकडून घेऊ नये.

प्रत्येक प्रश्नामागं कारण असतं. तंदुरुस्त साध्या इंजिनात आयडलला १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो. ओव्हरलॅप वाढलं की तो घटतो. दहा-बारा इंचांवर आला की ब्रेकचं पेडल जड व्हायला लागतं. ज्या गाडीचा वेग वाढवला, तिचेच ब्रेक मंदावतात. हे ऐकायला बारीक वाटतं, पण रस्त्यावरच्या गाडीच्या बाबतीत याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. ऑटोमॅटिकचा कन्व्हर्टर कमी फेऱ्यांना पकड घेणारा असेल तर मोठ्या कॅमचं इंजिन गियरमध्ये टाकताच गचके खातं. मग कन्व्हर्टर बदला, मग एक्सल बदला. शंभराचा खर्च हजारावर कसा जातो ते असं.

हेडमध्येही मर्यादा असते. या इंजिनाच्या मूळ हेडमध्ये व्हॉल्व्ह साधारण ०.४७० इंचांहून जास्त उचलला तर स्प्रिंगची वरची टोपी व्हॉल्व्ह गाइडवरच्या सीलला भिडायचा धोका असतो. २६८च्या कॅमची लिफ्ट ०.४७७ आहे, म्हणजे तिथं गाइड तासून घ्यावं लागतं. स्प्रिंगही नव्या लागतात, नाहीतर वरच्या वेगाला व्हॉल्व्ह कॅमचा माग सोडून तरंगतो.

चिकणमाती आणि पहिली वीस मिनिटं

कॅम बसवण्याच्या कामात दोन क्षण असे, की तिथं घाई करणाऱ्याचं इंजिन जातं.

पहिला, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली फट तपासण्याचा. हेड काढलेलं असतं. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी ज्या खोलगट खाचा असतात, त्यांत खेळण्यातल्या मातीचा थर बसवतात. व्हॉल्व्हच्या तोंडाला तेलाचं बोट लावतात, म्हणजे माती चिकटत नाही. हेड गॅस्केटसकट परत बसवून आवळतात आणि इंजिन पान्यानं, हातानं, पूर्ण दोन फेऱ्या फिरवतात. कुठं अडखळलं तर जोर लावायचा नाही. मग हेड उचलून पातळ पातीनं माती मधोमध कापतात आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावतात. इनटेकला दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच, इतकी तरी माती उरायला हवी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या पाठलागावर असतो.

याच वेळी क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी आणि लिफ्टरवर डायल इंडिकेटर लावून इनटेकच्या उंचवट्याचा मध्य खरंच ठरलेल्या १०६ अंशांवर बसलाय का, ते पाहतात. साखळी आणि गियर यांच्यातल्या बारीक चुका बेरजेनं दोन-चार अंशांवर जाऊ शकतात. चार अंश मागं बसलेला कॅम खालचा जोर हरवून बसतो आणि मालकाला वाटतं कॅम चुकीचा घेतला.

दुसरा क्षण, पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याचा. जुन्या ३५०मध्ये सपाट बुडाचे लिफ्टर असतात. दिसायला सपाट, प्रत्यक्षात बूड किंचित फुगीर आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका घासलेला. या तिरकेपणामुळं लिफ्टर जागच्या जागी गोल फिरतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. एखादा लिफ्टर फिरायचा थांबला, की तो उंचवटा काही मिनिटांत घासून सपाट होतो आणि त्याचा लोखंडी चुरा तेलावाटे सगळ्या बेअरिंगांत जातो. म्हणून नवा कॅम जाड मॉलिब्डेनम पेस्टनं माखतात, डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनं ऑइल पंप फिरवतात आणि तेल वरपर्यंत चढल्याची खात्री करतात. इंजिन सुरू झालं की लगेच दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर वीस-तीस मिनिटं ठेवायचं. आयडलवर सोडायचं नाही, कारण या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकनं उडवलेल्या थेंबांतून. तेलही पाहून घ्यावं लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी आजच्या तेलांमधलं जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी केलंय, आणि जुन्या कॅमला वाचवणारं तेच होतं. जनरल मोटर्सनं १९८७ पासून कॅमॅरो-कॉर्व्हेटच्या छोट्या व्ही-८मध्ये रोलर लिफ्टर आणले, त्यांना ही दहशत नाही. बजेट असेल तर आज रोलर घ्यावा.

सोलापूर, होंडा आणि कायदा

या विषयाशी आपलं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली स्थापन झालेली कंपनी सोलापूरची. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमची युक्ती पाहण्यासारखी असते. साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवतात. रस ओतला की तिथं तो झटकन थिजतो आणि पृष्ठभाग अतिशय कठीण होतो. गाभा हळू थंड होतो, म्हणून ठिसूळ होत नाही. कारखान्यातून आलेला कॅम ‘कमजोर’ असतो, हा समज इथं मोडायला हवा. सकाळी थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होणं, धुराच्या चाचणीत बसणं, मायलेज, लाखो किलोमीटरचं आयुष्य, या सगळ्यांचा विचार करून तो आखलेला असतो. त्याला बाजूला काढणाऱ्यानं आपण काय सोडतोय, हे जाणलं पाहिजे.

खालची आणि वरची ताकद दोन्ही हवी, यावर होंडानं १९८९ साली उत्तर काढलं. इंटेग्राच्या १.६ लिटर इंजिनात व्हीटेक आलं: एकाच दांड्यावर सौम्य आणि आक्रमक असे दोन्ही आकार, आणि वरच्या वेगाला तेलाच्या दाबानं पिन सरकून आक्रमक आकार कामाला लागतो. त्या इंजिनानं १६० अश्वशक्ती दिली. पुढं भारतातल्या होंडा सिटीवरही हे नाव झळकलं. आजच्या साध्या गाड्यांतही इंजिन चालू असताना कॅमचं टायमिंग मागं-पुढं होतं. अशा इंजिनात दांडा बदलायचा तर संगणकातला नकाशाही नव्यानं लिहावा लागतो.

कायद्याकडेही पाहावं लागतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना बसवायच्या भागाला हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, मात्र १९७५ आणि त्याआधीच्या गाड्या स्मॉग तपासणीतून मोकळ्या आहेत. तिथं ३५०चा खेळ जोरात आहे, त्याचं एक कारण हेही. आपल्याकडे रॅलीच्या जिप्सीत कॅम बदलणं हा स्पर्धेच्या नियमांतला विषय, आणि तो स्पर्धेतच राहावा.

मग कुठला घ्यायचा?

कॅटलॉग उघडण्याआधी एका कागदावर प्रामाणिकपणे लिहावं: गाडी आठवड्यातून किती चालते, कुठल्या रस्त्यावर, टॅकोमीटरचा काटा बहुतेक वेळ कुठं असतो. खाली वजन, एक्सल, टायर, कॉम्प्रेशन, हेड, ब्रेक. आपल्या हायवेवरच्या फेऱ्या कॅमच्या पट्ट्यात आरामात बसल्या पाहिजेत, पट्ट्याच्या खालच्या टोकाशी नव्हे. दोन कॅममध्ये अडखळलात तर लहान घ्या. हे अनेक जुने जाणकार सांगतात आणि गणितही तेच सांगतं. वर उल्लेख केलेल्या गाडीसाठी, कमी कॉम्प्रेशनच्या ३५०ला, मूळ एक्सल आणि कन्व्हर्टर ठेवून, २५६ किंवा २६२ हेच उत्तर. २६८ला हात घालायचा तर आधी कॉम्प्रेशन नऊच्या वर न्या आणि हेडचं काम करून घ्या. २८४ ड्रॅग स्ट्रिपवाल्यांसाठी सोडा.

लहान कॅम घेणाऱ्याची या छंदात कुचेष्टा होते, आणि मला ती अन्यायाची वाटते. आवाजाचा मोह बाजूला ठेवून, स्वतःच्या गाडीचं गणित मांडून, जे रोज उपयोगी पडेल तेच निवडणं हे अभियांत्रिकीचं काम आहे. डंटोव्हनं आपला कॅम पळवायच्या गाडीसाठी आखला आणि तो तिथं अचूक बसला. रस्त्यावरच्या गाडीलाही तिच्या कामाचा अचूक कॅम मिळायला हवा. तो मिळाला की गाडी पहिल्या गियरपासून ओढते, घाटात दम राखते, ब्रेक तिचे तिच्या ताब्यात राहतात आणि मालक ती रोज बाहेर काढतो.